वीस रुपयांत अंदमान, पाच वाजता अंधार

स्वयंपाकघरात डाळींच्या डब्यांमागे एक बरणी असते, भाजीवाल्याला द्यायच्या सुट्या पैशांची. आमच्या बरणीत परवा जुनी, लालसर वीसची नोट निघाली आणि पिंपळे सौदागरातल्या आमच्या सोसायटीत तीन आठवडे रंगलेला वाद मिटला. वाद होता, डिसेंबरात सात दिवस कुठल्या बेटावर जायचं. बाली म्हणणारे चार, फुकेत म्हणणारे तीन, आणि "आधी आकडा सांगा" म्हणणारे उरलेले सगळे. मी नोट उलटी करून टेबलावर ठेवली. मागे माड, माडांपलीकडे समुद्र, लांब टोकावर दीपगृह. हे अंदमान. पोर्ट ब्लेअरजवळच्या माउंट हॅरिएटवरून नॉर्थ बे असाच दिसतो. म्हणजे वर्षानुवर्षं आपण अंदमान देऊन कोथिंबिरीची जुडी घेत होतो.

२०१९ साली आलेल्या हिरवट-पिवळ्या नव्या नोटेवर अंदमान नाही, तिथे वेरूळची लेणी आहेत. आपल्या वेरूळने त्यांची जागा घेतली, तेव्हा निदान एकदा जाऊन विचारपूस करायला हवीच.

आम्ही गेल्या हिवाळ्यात जाऊन आलो होतो. त्यामुळे यंदा निघालेल्या बारा जणांचा बेत आमच्याच डायनिंग टेबलावर शिजला. त्यातून निघालेल्या या गमतीजमती. क्रम लावलेला नाही, कारण चर्चेलाही तो नव्हता.

शेजारी कोण?

"फुकेतला परदेशवारी म्हणून मिरवता तरी येतं," तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. त्यांना नकाशा दाखवला. पोर्ट ब्लेअरहून चेन्नई सुमारे साडेतेराशे किलोमीटर. फुकेत त्याच्या निम्म्याहून थोडंसंच जास्त, साडेसातशेच्या आसपास. बँकॉकसुद्धा चेन्नईपेक्षा जवळ. निकोबारचं दक्षिण टोक, म्हणजे इंदिरा पॉइंट, तर इंडोनेशियापासून दीडेकशे किलोमीटर. आपल्याकडून मुंबईला जातो तेवढंच. (त्या इंदिरा पॉइंटची जमीन २००४च्या भूकंपात चार मीटरहून जास्त खचली. दीपगृह अजून उभं आहे, पण पाय पाण्यात सोडून.)

आता गर्दीचा हिशेब. २०११च्या जनगणनेत अख्ख्या अंदमान-निकोबारची लोकसंख्या होती ३ लाख ८० हजार. पिंपरी-चिंचवडची १७ लाख २७ हजार. आपलं शहर १८१ चौरस किलोमीटरचं, त्यांचा प्रदेश ८,२४९ चौरस किलोमीटरचा, आणि त्यातलं ऐंशी टक्क्यांहून जास्त जंगल. संध्याकाळी साडेसातला शिवार चौकात सिग्नलला उभं राहिलं की मला वाटतं, त्यांची अर्धी लोकसंख्या इथेच हॉर्न वाजवत असावी.

बेटं, बेटुल्या आणि खडक मिळून आकडा जातो ८३६ वर. माणसांची वस्ती मात्र तीसएक बेटांवरच. तेव्हा "सगळी बेटं कव्हर करू" असं कुणी म्हणालं, की त्याच्या हातातला पेन हळूच काढून घ्यायचा.

गुरुवार विरुद्ध शनिवार-रविवार

आमच्या पट्ट्यातल्या घरांचं एक खास दुखणं आहे. नवऱ्याच्या भोसरीतल्या कारखान्याला सुट्टी गुरुवारी, माझ्या हिंजवडीच्या ऑफिसला शनिवार-रविवारी. चाकणला शिफ्टमध्ये जाणाऱ्यांचं गणित आणखी निराळं. कुठल्या वारी निघालं की दोघांच्या रजा वाचतील, यावर आम्ही तीन रात्री घालवल्या. कागदावर कोष्टक काढलं, त्यात रंग भरले. शेवटी सातवीतल्या लेकीने सांगितलं की सलग सात दिवस घेतले तर त्यात गुरुवार एकदाच येणार आणि शनिवार-रविवारही एकदाच, मग कुठूनही सुरू करा! शाळेच्या फीचे पैसे वसूल झाले.

रजेचा दुसरा शत्रू म्हणजे इंटरनेट. पूर्वी अंदमानला जाणं म्हणजे फोन मेल्याचं पवित्र कारण हाती येणं. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राच्या तळातून सुमारे २,३०० किलोमीटरची केबल तिथवर पोचली आणि ते कारण बुडालं. आता "नेटवर्क नव्हतं सर" हे पोर्ट ब्लेअरमधून सांगू नये. लहान बेटांवरून सांगून बघायला हरकत नाही.

सातचे पाच होतात

हे मात्र कान देऊन ऐका, कारण बेत नेमका इथेच फसतो.

पुणं आणि पोर्ट ब्लेअर यांच्या रेखांशांत जवळजवळ १९ अंशांचा फरक आहे. एका अंशाला चार मिनिटं या हिशेबाने सूर्य तिथे आपल्यापेक्षा सव्वा तास आधी पोचतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. डिसेंबरात पहाटे साडेपाचच्या सुमाराला तिथे लख्ख उजाडायला लागतं आणि संध्याकाळी पाचला सूर्य समुद्रात. साडेपाचला दिवे लागतात. आपण मंडळी सुट्टीत साडेआठला उठणार, दहाला पोहे खाणार, अकराला "चला निघूया" म्हणणार आणि बाराला एक जण चष्मा विसरला म्हणून खोलीत परत जाणार. अशाने स्वराज द्वीपावरच्या राधानगर किनाऱ्याचा सूर्यास्त पाहायला आम्ही पहिल्या दिवशी पोचलो तेव्हा किनाऱ्यावर लोक मोबाइलच्या उजेडात चपला शोधत होते.

म्हणून माझा पहिला नियम: घरातून निघतानाच दिवस दीड तास मागे ओढा. साडेचारचा गजर. साडेनऊला झोप. कारखान्यात पहिली पाळी करणाऱ्यांना हे सहज जमतं, आयटीवाल्यांचे हाल होतात.

दुसरं म्हणजे विमान. पुण्याहून चेन्नई, बेंगळुरू किंवा कोलकात्याला विमान बदलायचं, म्हणजे जायचा दिवस गेला आणि यायचाही. उरले पाच. त्यात पोर्ट ब्लेअर ते स्वराज द्वीप बोटीने दीड-दोन तास, तिथून शहीद द्वीप तासभर. हे तास कागदावर छोटे दिसतात, पण बोटीच्या आधी धक्क्यावर हजर राहणं, बॅगांची तपासणी, आणि समुद्र खवळला तर फेरी रद्द, हे सगळं त्यात मोजायचं. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी पोर्ट ब्लेअरला येऊनच झोपायचं. आमच्या ग्रुपमधल्या एका उत्साही काकांनी सकाळी बोट आणि दुपारी विमान असा बेत मांडला होता. बाकीच्या अकरांनी तो एकमताने फेटाळला, आणि या सोसायटीत एकमत पाण्याच्या टँकरवरसुद्धा झालेलं नाही.

तिसरा खर्च कुणालाच आठवत नाही. स्कूबा केल्यावर लगेच विमानात बसता येत नाही. एकदाच पाण्यात उतरलात तरी बारा तास थांबा असं सांगतात, जास्त वेळा उतरलात तर अठरा. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो; वर विमानात दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून स्कूबा मधल्या दिवशी, तुरुंग आणि बाजार शेवटी. उलटं ठेवू नका.

आईंची अमावस्या

माझ्या सासूबाई यंदा पहिल्यांदा विमानात बसणार. तारखा ठरल्या आणि त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. "अगं, मध्ये अमावस्या येतेय. अमावस्येला कुणी समुद्रावर जातं का?"

मी म्हटलं, "आई, अमावस्येसाठीच तर या तारखा घेतल्या."

झालं असं की स्वराज द्वीपावर रात्री कयाकमधून खाजणात, म्हणजे खारफुटीत नेतात. काळोख गडद असेल तर वल्हं पाण्यात मारलं की निळसर ठिणग्या उठतात. पाण्यातले सूक्ष्म जीव ढवळले गेले की चमकतात, त्याचा हा उजेड. चांदणं असलं की ही जादू फिकी पडते. शिवाय अमावस्या-पौर्णिमेला उधाणाची भरती येते आणि ओहोटीही तेवढीच खोल जाते. शहीद द्वीपावरचा खडकाचा नैसर्गिक पूल ओहोटीलाच नीट बघता येतो. खडकांच्या डबक्यांत अडकलेले मासे, समुद्रकाकड्या आणि खेकडे तेव्हाच भेटतात.

सासूबाईंचं माहेर गुहागरकडचं. भरती-ओहोटी म्हटल्यावर त्या खुलल्या. कोकणातला जुना हिशेब त्यांना पाठ: तिथीची पाऊणपट करायची, तो भरतीचा ताशी आकडा. अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. हा हिशेब आपल्या किनाऱ्याचा. तिकडे चालवू नका, तिथलं वेळापत्रक बोटवाल्याला विचारा. शेवटी तह झाला: प्रस्थान अमावस्येच्या दोन दिवस आधी ठेवायचं, म्हणजे घर सोडताना चतुर्दशीसुद्धा लागणार नाही, आणि अमावस्या आपोआप बेटावर सापडेल.

दिवाळीत अमावस्या हक्काची असते, पण तेव्हा जाऊ नका. तिथे पाऊस दोनदा येतो: मेपासून नैर्ऋत्येचा, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येचा, सोबत बंगालच्या उपसागरातल्या वादळांची भीती. दरवर्षी मे महिन्यात आपल्या वर्तमानपत्रांत "मान्सून अंदमानात दाखल" असा मथळा येतो आणि सगळं पुणं हुश्श करतं. तिथून तो केरळात १ जूनला, पुण्यात १० जूनच्या आसपास. आपण अर्ध्या दिवसात जातो ते अंतर कापायला त्याला सुमारे तीन आठवडे लागतात. त्याच्यावर नजर ठेवणारं कार्यालयही आपल्याच शिवाजीनगरला आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून त्या चौकाला आजही कंडक्टर "शिमला ऑफिस" म्हणूनच हाक मारतो.

अंगठा वर करायचा नाही

स्कूबाला पोहता यावं लागत नाही. पहिल्यांदा उतरणाऱ्याला प्रशिक्षक पाठीमागून धरूनच नेतो. दहा वर्षांच्या आतल्या मुलांना साधारणपणे घेत नाहीत. दम्याचा, हृदयाचा, कानाचा त्रास असेल तर फॉर्मवर खरं लिहा. तिथे लाजून फायदा नाही.

दर दहा मीटर खोलीला दाब एका वातावरणाइतका वाढतो. कान दुखायला लागतात ते पहिल्या दोन-तीन मीटरांतच. नाक दाबून हलकेच फुंकर मारायची, खंडाळ्याचा घाट उतरताना करतो तसंच.

सगळ्यात महत्त्वाचा धडा खुणांचा. पाण्याखाली अंगठा वर करणं म्हणजे "मस्त!" असं नसतं. त्याचा अर्थ "मला वर न्या". ठीक आहे म्हणायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करायचं. काठावर हे दोनदा सांगितलं होतं. पण माझा नवरा दिवसाला दीडशे व्हॉट्सअॅप मेसेजना अंगठा देणारा माणूस. खाली गेल्यावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा मासा समोर आला, प्रशिक्षकाने विचारलं कसं वाटतंय, याने आनंदाने अंगठा वर केला. प्रशिक्षकाने इमानदारीने त्याला वर आणलं. परत खाली. पुन्हा मासा, पुन्हा अंगठा, पुन्हा वर. तिसऱ्या वेळी प्रशिक्षकाने त्याचा हात धरून स्वतःच त्याच्या बोटांचं वर्तुळ करून दिलं.

आणखी एक गंमत: पाणी आधी लाल रंग खातं. पाच-दहा मीटर खाली लालभडक टीशर्ट मातकट-करडा दिसतो. फोटोसाठी घेतलेले कपडे लाल नसावेत. पिवळा जास्त टिकतो.

पोहायचं ते खुणा केलेल्या जागेतच. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, आणि मगरीची पाटी ही आपल्याकडच्या "येथे थुंकू नये"सारखी शोभेची नसते.

ज्यांना एवढा खर्च झेपत नाही किंवा भीती वाटते, त्यांनी आधी मालवणला रंगीत तालीम करावी. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, आणि १६६४ ते १६६७ मध्ये बांधलेला सिंधुदुर्ग हाही बेटावरच उभा आहे, कुरटे बेटावर. चहूकडे खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. बेट, किल्ला, समुद्र आणि सोलकढी एकाच खर्चात. अंदमानात सोलकढी नाही, हा एक उणा गुण मी प्रामाणिकपणे देते.

पिंपळ बोलतो

मराठी माणूस अंदमानला जातो तो खरं तर या एका इमारतीसाठी. बाकी सगळं बोनस.

सेल्युलर जेलचं बांधकाम १८९६ ला सुरू झालं, १९०६ ला संपलं. विटा ब्रह्मदेशातून आल्या. मधल्या मनोऱ्यातून सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघायच्या, प्रत्येक तीन मजली. जवळजवळ सातशे कोठड्या, आणि प्रत्येकीत एकटा माणूस; सेल्युलर हे नाव त्यावरूनच. एका इमारतीच्या कोठड्यांचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, त्यामुळे समोरच्या कैद्याचा चेहरा दिसण्याची सोयच नाही. कोठडी साधारण साडेचार मीटर लांब, पावणेतीन मीटर रुंद. आमच्या मुलांच्या खोलीएवढी. झरोका तीन मीटर उंचीवर.

मला सगळ्यात जास्त आठवते ती कडी. दाराच्या गजांतून हात बाहेर काढून बघितला. कडीचा दांडा दारावरून पुढे भिंतीत जातो आणि कुलूप लागतं ते भिंतीतल्या एका कोनाड्यात, दारापासून लांब. हात कितीही ताणला तरी बोटं तिथे पोचत नाहीत. लेकीनेही प्रयत्न केला. नंतर ती बराच वेळ गप्प होती, आणि आमच्याकडे ही बातमी आहे.

विनायक दामोदर सावरकर इथे आणले गेले ४ जुलै १९११ ला, 'महाराजा' नावाच्या बोटीने. पन्नास वर्षांची शिक्षा, सुटकेचं वर्ष १९६०. थोरले बंधू बाबाराव याच तुरुंगात होते, तरी दोघांची गाठ पडायला बराच काळ जावा लागला. कोलूला, म्हणजे तेलाच्या घाण्याला, जुंपलेल्या कैद्याकडून दिवसाला तीस पौंड खोबरेल अपेक्षित असे, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर. बैलाकडूनही निघणार नाही एवढं. कागद नाही म्हणून सावरकरांनी भिंतींवर कविता कोरल्या आणि पाठ केल्या. दोघे भाऊ १९२१ मध्ये इथून बाहेर पडले, पण ते मुख्य भूमीवरच्या तुरुंगांत जाण्यासाठी.

इथे ग्रुपमधल्या तिघांशी माझी पैज लागली होती. सागराला "मला माघारी ने" म्हणून विनवणारी सावरकरांची ती प्रसिद्ध कविता अंदमानात लिहिलेली नाही. ती १९०९ मधली, इंग्लंडात ब्रायटनच्या किनाऱ्यावरची. सेल्युलर जेलच्या गच्चीवर उभं राहून ती गाणारे खूप भेटतात. गाऊ द्यावं. पैज मात्र वसूल करावी. मी तीन प्लेट मिसळ जिंकले.

सातपैकी आज तीनच इमारती उभ्या आहेत. १९४१चा भूकंप आणि त्यानंतरचा जपानी अंमल यांत बाकीच्यांतल्या काहींची पडझड झाली, आणि १९६३ मध्ये याच आवारात गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आलं. ११ फेब्रुवारी १९७९ ला पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी इमारत राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केली.

संध्याकाळी अंगणात प्रकाश-ध्वनीचा खेळ होतो. त्यात गोष्ट सांगतो तो अंगणातला जुना पिंपळ. हिंदी खेळात त्याला आवाज दिला होता ओम पुरींनी. पिंपळे गुरव, पिंपळे निलख आणि पिंपळे सौदागर अशा तीन पिंपळ्यांच्या पंचक्रोशीतून आलेली आम्ही माणसं. अंधारात पिंपळ बोलायला लागल्यावर माझ्या अंगावर काटा आला, तो वाऱ्यामुळे नव्हता. इथे जायचं ते पोचल्याच्या दिवशी, दमून, झोपेच्या डोळ्यांनी नको. शेवटून दुसऱ्या दिवशी सकाळी आतून बघा आणि संध्याकाळी खेळाला परत या. तिकीट आधी काढा.

किती ही नावं!

पोर्ट ब्लेअरमधले ब्लेअर हे लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर, आपल्या मुंबईच्या 'बॉम्बे मरीन'चे अधिकारी. १७८९ ला त्यांनी इथे वसाहत टाकली, आजारपणांनी ती १७९६ ला बंद पडली. १८५७ नंतर कैद्यांसाठी पुन्हा सुरू झाली. सप्टेंबर २०२४ पासून शहराचं नाव श्री विजयपुरम. टॅक्सीवाले दोन्ही म्हणतात.

ज्यांची नावं दोन बेटांना होती ते हॅवलॉक आणि नील हे दोघेही १८५७चा उठाव चिरडणारे सेनाधिकारी. त्यांच्या बेटांवरच फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबं वसली आणि त्यांनी गावांना नावं दिली गोविंदनगर, राधानगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. ३० डिसेंबर १९४३ ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला आणि अंदमानला 'शहीद', निकोबारला 'स्वराज' अशी नावं दिली. बरोबर पंच्याहत्तर वर्षांनी, २०१८ मध्ये, नील झालं शहीद द्वीप आणि हॅवलॉक झालं स्वराज द्वीप. बुकिंग करताना जुनं-नवं दोन्ही नाव तपासा. आमच्या ग्रुपमधल्या एका जोडप्याने हॅवलॉक आणि स्वराज द्वीप अशा दोन हॉटेलांचं एकाच रात्रीचं बुकिंग केलं होतं.

२३ जानेवारी २०२३ ला एकवीस बिननावाच्या बेटांना परमवीरचक्र विजेत्यांची नावं मिळाली. त्यात कारवारकडचे रामा राघोबा राणेही आहेत.

पोहणारा राजन

एलिफंट बीचवर आता हत्ती नाही. पूर्वी लाकूडतोडीसाठी मुख्य भूमीवरून हत्ती आणत आणि एका बेटावरून दुसऱ्यावर जायला त्यांना समुद्रात पोहायला शिकवत. राजन हा त्यातला शेवटचा म्हणून ओळखला जायचा. लाकूडतोड थांबल्यावर तो राधानगरला राहिला, पर्यटकांबरोबर समुद्रात पोहला, 'द फॉल' या इंग्रजी सिनेमात झळकला, आणि २०१६ मध्ये वयाच्या छासष्टाव्या वर्षी गेला. लाकडाचा तो जमाना बघायचा असेल तर चॅथम बेटावरची आरागिरणी आहे, १८८३ पासूनची. दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या बाँबचा खड्डा तिने जपून ठेवलाय.

जागा ज्वालामुखी पाहिजे? बॅरन बेट, भारतातला एकमेव. दीडशेहून जास्त वर्षं शांत राहून १९९१ ला तो पुन्हा जागा झाला. सात दिवसांत बसवू नका, लांब आहे.

बारातांग: माझं मत नाही

प्रत्येक छापील बेतात बारातांगची चुनखडीची गुहा असते. पहाटे तीन-साडेतीनला निघायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांच्या रांगेत थांबायचं आणि ठरलेल्या वेळी ताफ्याने जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जायचं. थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, काही द्यायचं नाही. नियम कडक आहेत आणि योग्य आहेत. पण त्या गाड्यांत बसलेली कितीतरी माणसं गुहेसाठी नसतात, काचेला नाक लावून "दिसले का?" विचारत असतात. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये या भागातला रस्ता बंद करण्याचा आदेश दिला होता. रस्ता चालूच आहे. आम्ही गेलो नाही, यंदाच्या यादीतूनही मी तो दिवस खोडला. काकांना त्याचा राग आहे.

या बेटांवरच्याच दुसऱ्या एका जमातीतली बोआ सीनियर नावाची वृद्धा जानेवारी २०१० मध्ये वारली. बो भाषा बोलणारी ती शेवटची. भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी तिचा आवाज, तिची गाणी, तिचे शब्द नोंदवून ठेवले. शेवटच्या वर्षांत तिच्याशी तिच्या भाषेत बोलायला कुणीच उरलं नव्हतं.

पिशवीत काय नको

शंख-शिंपले आणि पोवळ्याचे तुकडे उचलून आणायचे नाहीत. पोवळ्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात. परवानाधारक दुकानातून घेतलंत तर पावती जपा. हे मी सगळ्यांना बजावलं, कारण गेल्या वेळी आमच्या लेकीच्या सॅकच्या तळाशी पांढऱ्या दगडासारखं काहीतरी निघालं होतं. तिने ते रडत रडत परत किनाऱ्यावर नेऊन ठेवलं, विमानतळावर निघायच्या तासभर आधी.

न्यायचं ते मात्र भरपूर ठरलं: मेतकूट, भाजणी, दोन किलो चकल्या, आल्याच्या वड्या बोटीतल्या मळमळीसाठी, आणि काकांचा स्वतःचा चहा मसाला.

रात्री साडेदहाला सगळे उठले. टेबलावर कप, कोष्टक, आणि मध्यभागी ती वीसची नोट. सासूबाईंनी ती उचलली, साडीच्या घडीवर दाबून सरळ केली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

"आई, तिचं काय करणार?"

"तिकडे भाजीवाल्याला देईन. त्यांचीच आहे ना ती."